छिद्रांचं निकेल

शिवडीच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, तेव्हा तिथे मी एकटीच मुलगी होते. तेलाचं तूप करायला हायड्रोजन लागतो. आमच्याकडे तो पाण्यातून वीज सोडून काढत. त्यात वीज फार जाई, म्हणून पाण्यात वीज सोडणारी निकेलची पट्टी सुधारण्याच्या मागे माझा एक सहकारी लागला होता. तो माझगावचा ख्रिश्चन, घरीही मराठीच बोलणारा. निकेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम मिसळायचं, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तेवढं अ‍ॅल्युमिनियमच विरघळवून टाकायचं. मागे उरतं ते बारीक छिद्रांनी भरलेलं निकेल. जितकी छिद्रं जास्त, तितकी पाण्याला शिवायला जागा जास्त आणि वीज कमी लागते, असं तो मला समजावून सांगे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता त्या दिवशी आम्ही कामावर पोचलो आणि मागोमाग बस बंद झाल्या. कारखान्यातली वीजही गेली. रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या. त्याने कुठून तरी एक लहानशी बॅटरी आणली. साध्या पट्टीवर तुरळक बुडबुडे आले. मग आमची पट्टी जोडली, तर तिच्याभोवतीचं पाणी बुडबुड्यांनी दुधासारखं पांढरं झालं.

"तू बघ इकडे," तो म्हणाला.

तोवर तो मला तुम्ही म्हणत होता. ते दोघांच्याही लक्षात आलं, पण दुरुस्त कुणीच केलं नाही.

दुपारी भोईवाडा, लालबाग करत चालत निघालो. भायखळ्याला त्याची वाट वेगळी होत होती, तरी तो मला घरी सोडायला गिरगावापर्यंत आला. सगळा वेळ पट्टीबद्दलच बोलत होता. मला तो रस्ता संपायला नको होता.

काही आठवड्यांत पट्टी भुगा होऊन गळू लागली. ती टिकवायची कशी, ते शिकायला तो इंग्लंडला गेला. जाताना माझ्यासाठी थांबशील का म्हणाला, मी हो म्हटलं. घरी सांगितलं तेव्हा वडील जेवणावरून उठले. त्याची पत्रं माझ्या हाती येईनाशी झाली, आणि वर्षभरात माझं लग्न ठरलं.

पत्रिका द्यायला मी माझगावला गेले. त्याच्या आईने चहा केला. म्हणाली, "पट्टी अजून गळते, असं लिहितो. तुला सांग म्हणाला. काय कळवू?"

"कॉस्टिक थोडं सौम्य घेऊन बघ म्हणावं," मी म्हणाले.

पत्रिका पर्समध्येच राहिली. त्याने तसं करून पाहिलं का, पट्टी टिकली का, एवढं तरी मला कळायला हवं होतं.