टेपखालचा पिवळा दिवा

भुताखेतांवर, आत्म्या-बित्म्यावर माझा विश्वास नाही. आधी नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे वाचून कृपा करून कुणी मला एखाद्या बाबाचा पत्ता पाठवू नये. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद आहेत, गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा बांधत नाही आम्ही. त्यात मी फिजिक्सची शिक्षिका! तरी एक गोष्ट अशी आहे... जी मला अजून सोडवता आलेली नाही. आप्पा होते तोवर ती चारचौघांत सांगणं बरं वाटलं नाही. आता ते नाहीत, म्हणून लिहिते.

आम्ही कसबा बावड्याचे. घरामागे ऊस, आणि कारखाना सुरू झाला की घरभर मळीचा वास. आप्पा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. आई लवकर गेली. घरात आप्पा, मी आणि मोठा भाऊ मिलिंददादा. दादा पुण्यात इंजिनिअर होता. २००६-०७ च्या सुमाराला त्याचे साहेब परदेशी परत गेले, तेव्हा त्यांची बाहेरून मागवलेली गाडी दादाने घेतली. मग त्यालाच कतारला नोकरी लागली आणि गाडी आली आप्पांच्या ताब्यात.

त्या गाडीच्या प्रत्येक चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर होता. आमच्याकडे तेव्हा असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. कुठल्याही चाकात हवा कमी झाली की स्टेअरिंगपुढे पिवळा दिवा लागायचा. दादाला त्याचं कोण कौतुक!

"आप्पा, आता टायर बडवत बसू नका. गाडी स्वतः सांगते."

"माझी मूठ सांगत्या की मला," आप्पा म्हणाले. गाडी काढायच्या आधी चारी टायरवर मूठ आपटून आवाज ऐकायचा, ही त्यांची एसटीतली सवय. दादा हसला. पण जाताना विमानतळावरूनसुद्धा त्याने फोन करून बजावलं, दिव्यावर लक्ष ठेवा.

काही महिन्यांनी आत्याकडे मलकापूरला जाताना गाडी खड्ड्यात आदळली आणि पुढचं एक चाक तडकलं. आप्पा गेले आमच्या ओळखीच्या टायरवाल्या बाबूभाईंकडे. बाबूभाईंनी चाक बघितलं आणि मान हलवली.

"आप्पा, ह्ये नाजूक काम हाय. आपल्या खड्ड्यांत टिकायचं न्हाय. चारी चाकं बदला, साध्या लोखंडी डिस्क घाला, आत ट्यूब टाका आणि फिरा बिनघोर."

ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायची - आमच्याकडे तेव्हा सगळे हेच करायचे. हवा नुसत्या टायरमध्ये राहते यावर कुणाचा विश्वासच नव्हता. तडकलेल्या चाकाचा टायर उचकटताना त्यातला सेन्सर तुटला, तो गेला भंगारात. ते तडकलेलं चाक आणि बाकीची तीन सेन्सरसकट, अशी चारी जुनी चाकं आमच्या माळ्यावर. आता नव्या चाकांत सेन्सरच नाहीत म्हटल्यावर दिवा लागणारच! लागला, तो विझेना. बाबूभाईंनी काळी चिकटपट्टी काढली आणि दिव्यावर टेप मारून टाकली.

"आता कुठं हाय दिवा?"

आप्पा पण हसले. मला वाटतं, ते त्यांचं शेवटचं मोकळं हसू.

कारण त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलंच - "आप्पा, दिवा लागला का हो कधी?"

मी शेजारीच होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोराने एवढ्या हौसेनं दिलेली गाडी, त्याला कसं सांगायचं?

"न्हाय रं बाळा. दिवा न्हाय लागला. समदं बरोबर हाय."

त्यानंतर दादाचा आवाज आम्ही ऐकला नाही. तिकडे कामावर असतानाच त्याचं हृदय बंद पडलं. ऐन तिशीत. शवपेटी आली, बुद्धवंदना झाली, माणसं आली-गेली. आप्पा रडले नाहीत. ते गाडीत जाऊन बसायचे. गाडी बंद, काचा वर, आणि अंगठा त्या काळ्या टेपवर. मी जेवायला बोलवायला गेले की त्यांचं एकच वाक्य:

"सुजा, शेवटचं बोललो त्येबी खोटंच बोललो गं मी त्येच्याशी."

मी किती समजावलं! आप्पा, एवढीशी गोष्ट, दादा असता तर हसला असता. पण नाही. एक-दोन वर्षं हेच चाललं. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता. शेवटी मीच हट्ट धरला, गाडी विकू या. पेठ वडगावचं एक गिऱ्हाईक तयार झालं, फक्त त्याला गाडीची मूळची चाकं हवी होती.

तडकलेलं चाक उद्यमनगरात वेल्डिंग करून आणलं. बाबूभाईंनी त्याला बिनसेन्सरचा साधा व्हॉल्व्ह बसवला आणि चारी जुनी चाकं चढवली. मग आप्पांनी गाडी चालू करून नखाने टेप काढली. खाली दिवा पिवळाधमक.

"एका चाकात सेन्सरच न्हाय आप्पा," बाबूभाई खालच्या आवाजात म्हणाले. "त्यो आता विझायचा न्हाय."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. खाली उतरून त्यांनी चारी टायरवर मूठ आपटली. वेल्डिंग केलेल्या चाकावर हात जरा जास्त वेळ ठेवला. मग आम्ही घराकडे निघालो. भर दुपार, पुढे उसाचा ट्रॅक्टर, म्हणून गाडी अगदी हळू.

आणि दिवा विझला.

मला वाटलं, बल्ब उडाला. आप्पांना गाडी कडेला घेऊन बंद करायला लावली, परत किल्ली फिरवायला लावली. किल्ली फिरवल्यावर समोरचे सगळे दिवे क्षणभर लागतात, त्यांच्याबरोबर तोही लागला. म्हणजे बल्ब ठीक होता. मग बाकीच्यांबरोबर तोही विझला... आणि विझलेलाच राहिला. मी बघतच राहिले.

आप्पांनी स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. समोर बघत, फोनवर बोलतात तसे मोठ्यानं म्हणाले,

"मिलिंदा... दिवा न्हाय रं बाळा. समदं बरोबर हाय."

आणि मग ते रडले. दादा गेल्यानंतर पहिल्यांदा, पोटातून, लहान मुलासारखे. मी त्यांचा हात धरून बसले. ट्रॅक्टर कधीच लांब गेला होता.

घरी येईपर्यंत दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर गाडी चालू केली, तर हजर! पुन्हा पिवळा, पुन्हा न विझणारा. आप्पांनी गिऱ्हाइकाला खरं काय ते सगळं सांगितलं आणि किल्ली देऊन टाकली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. आत येऊन म्हणाले, "सुजा, भाकरी वाढ. भूक लागल्या."

त्या गिऱ्हाइकाने पुढे पुण्यात गाडी दाखवली. एका चाकात सेन्सर नव्हताच, आणि उरलेल्या तिन्ही सेन्सरमधले सेल कधीचेच संपलेले होते, असं मेकॅनिकने सांगितलं. अशा गाडीचा दिवा विझूच शकत नाही म्हणे. मलाही ते पटतं. वर्गात शिकवायचं झालं तर मीही हेच शिकवीन.

कुठे लूज कनेक्शन असेल, काहीतरी असेल. मला कारण सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही. एवढंच माहीत आहे, की त्या दुपारी आप्पा दादाशी जे बोलले, ते खोटं नव्हतं. मी शेजारी बसून पाहिलंय.