यानने मागितलेली मदत

फ्लँडर्समधल्या माझ्या खिडकीखाली, दगडी रस्त्यावर, एका सायकलस्वाराचं चाक पंक्चर झालं. पुढे गेलेला मित्र मागे फिरला. "तुझं चाक तुझ्या सासूसारखं, सदा फुसफुसणारं!" म्हणत त्याने पंप हातात घेतला.

आमच्या तरुणपणी सायकल शर्यतीत मदत घेणारा आणि करणारा, दोघेही बाद होत. अशाच एका शर्यतीत चाक पंक्चर झालेला, बर्फात बोटं गोठलेला माझा मित्र यान मला म्हणाला, "अरे, एवढा टायर ओढून दे. बोटं हलत नाहीत रे." पाहणारं कोणी नव्हतं. तरी मी निघून गेलो आणि जिंकलो. माणूस नियमाआड किती सहज लपतो! वर मी सर्वांना सांगितलं, यानच म्हणाला, तू पुढे हो.

यानची चार बोटं कापावी लागली, शर्यती कायमच्या सुटल्या. माझं खोटं त्याने मरेपर्यंत खोडलं नाही. आता लिहून ठेवतो : तो तसं म्हणाला नव्हता. त्याने हात जोडले होते.