भोईवाड्याच्या शिवणवर्गातली सुली

शिवणवर्गातल्या आम्ही जुन्या मैत्रिणी भेटलो की एक किस्सा निघतो आणि मग उठायची वेळ टळून जाते. त्यातले निम्मे तरी सुलीचे असतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. भोईवाड्यात आमचा वर्ग होता. बारा मुली, सगळ्यांचं मत एकच. म्हणजे आमच्यातल्या सुमनचं!

*

एकदा सुमन आम्हाला घोषणा शिकवत होती. सुलीनं मध्येच विचारलं, "मुंबई आपल्याला का हवी गं?"

"का म्हणजे? आपली आहे म्हणून!"

"ते मलाही वाटतं. पण समोरच्यानं 'का' विचारलं तर?"

सुमन म्हणाली, "गप गो तू!"

सुली घरी गेली. गिरणीतून आलेल्या वडिलांना तिनं 'का, का' विचारून जेवूसुद्धा दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच कारणं घेऊन आली. मोर्च्यात तिचाच आवाज सगळ्यांत मोठा!

*

परळच्या नाक्यावर एका हवालदारानं आम्हाला अडवलं. "पोरींनो, हे ओरडायला कुणी शिकवलं?"

आम्ही दहाजणींनी सुमनकडे बघितलं. सुली पुढे झाली. "मामा, तुम्ही मराठीच ना? मग तुम्हाला गप्प राहायला कुणी शिकवलं?"

हवालदारानं काठी बाजूला घेतली.

*

मग गोळीबार झाला. आमच्या गल्लीतला एकजण गेला. सुमन रडत रडत वर्गात आली. "आजपासून रतनबेनच्या दुकानातून सुईसुद्धा आणायची नाही. ती गुजराती आहे. हात वर करा!"

अकरा हात वर झाले. त्यात माझाही होता.

सुली म्हणाली, "तुरुंगात यायला सांग, येते. पण रतनबेननं गोळी झाडलेली नाही."

"मग आमच्याशी बोलू नकोस!"

पंधरा दिवस कुणी तिच्याशी बोललं नाही. तिची माझी मशीन एकच. ती न सांगता कात्री माझ्याकडे सरकवायची आणि मी मान खाली घालून घ्यायची. सुली रोज एकटीच रतनबेनच्या दुकानाची पायरी चढायची. दुसरं गिऱ्हाईक नसायचंच.

*

शेवटी शिवण शिकवणाऱ्या बाईंनीच सगळ्यांना बसवलं. "हा बहिष्कार पुढे चालवायचा की उठवायचा, ते आज ठरवा. हात वर करायचे नाहीत."

प्रत्येकीला एक पांढरं आणि एक काळं बटण दिलं. चालवायचा तर पांढरं, उठवायचा तर काळं. मुठीत धरून डब्यात टाकायचं.

बाईंनी डबा टेबलावर उपडा केला. अकरा काळी, एक पांढरं!

आम्ही सगळ्यांनी सुमनकडे बघितलं. ती लालेलाल झाली. "माझं काळंच होतं गं! तुम्हा सगळ्यांना बहिष्कार हवाय असं वाटलं, म्हणून इतके दिवस मी..."

सुली सुईत दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही.

"पांढरं माझं. म्हटलं, सुमन एकटी पडायला नको."