शिवाय साहेबांची सहल

फोन आला तेव्हा मी एका ब्लाऊजला हूक लावत होते. दुपारचे बारा वाजले असतील. हे सकाळच्या बसने बदनावरला गेले होते, एका लग्नघरी मापं घ्यायला. फोनवरचा माणूस म्हणाला, "मास्टरजी के घर से बोल रहे हो?" मी म्हटलं, "हो, ह्यांच्याच घरून." तो म्हणाला, मास्टरजी माप लिहिता लिहिता खुर्चीवर मागे टेकले ते उठलेच नाहीत. वही तशीच मांडीवर होती म्हणे. मी हातातली सुई नीट सुयांच्या गादीत खोचून ठेवली. तेवढंच सुचलं.

त्याला सात आठवडे झाले. लेक माधुरी देवासला तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "आई, बाबांविषयी काहीतरी लिहून काढ, बरं वाटेल." मी चौथी शिकलेली, तीही लग्नाआधी देवासच्या मराठी शाळेत. पण अक्षर बरं आहे. आणि माधुरी शिकली हिंदीत. मराठी फडाफडा बोलते, वाचायला घेतलं की दोन ओळींत दमते. त्यामुळे इथे काहीही लिहिलं तरी मला लाजायचं कारण नाही. रडण्यासारखं मात्र लिहायचं नाही. मला आमची धारची सहल लिहायची आहे.

आमच्या तिरल्याहून धार म्हणजे बसने अर्धा तास. हे दर आठवड्याला अस्तर, दोरा, बटणं आणायला जात. गेल्या वर्षी आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा माधुरी मागेच लागली की कुठेतरी फिरून या. ह्यांनी कात्री थांबवली नाही. कापता कापताच म्हणाले, "धारला जाऊ."

"धारला काय पाहायचंय?"

"तू काय पाहिलंयस धारचं?"

मी आठवून सांगितलं, दवाखाना, बसस्टँड आणि दोन मॅरेज गार्डन.

"मग? आपण परगावचे होऊन जाऊ. लॉजमध्ये राहू. वाट विचारत फिरू. ओळख कुणाला द्यायची नाही."

मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते, ती लहानपणापासून. पण गेले. धारच्या बसस्टँडवर ह्यांनी आधी एक कापडी टोपी घेतली, परगावचे लोक घालतात तशी, गोल काठाची. ती डोक्यावर चढवून रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, हम बाहर से आए हैं. कोई अच्छी लॉज बताओ."

रिक्षावाल्याने वळून पाहिलं. "मास्टर भिया! म्हारा कुर्ता बना कि नी?"

"कौन मास्टर? हम तो बाहर के हैं."

"अच्छा? तो बाहर के लोग गले में टेप डाल के घूमते हैं क्या?"

मी पाहिलं तर खरंच, नव्या शर्टावर गळ्यात मापाची टेप! घरून निघताना काढायची राहिली होती. माझ्याही लक्षात आलं नव्हतं, कारण टेपेशिवाय मी ह्यांना फारसं पाहिलंच नव्हतं. हे इतके ओशाळले की लॉजच्या दारात उतरताना टोपी रिक्षातच राहिली. मला काउंटरपाशी उभं करून हे रिक्षामागे धावले.

आणि काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर उघडलं. "माताजी, पति का नाम?"

मी दाराकडे पाहिलं. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी 'अहो' म्हणायची, माधुरी झाल्यावर 'माधुरीचे बाबा'. बाकी सगळं गाव मास्टर म्हणतं. तो परत म्हणाला, "नाम तो बताना पड़ेगा." मी परत दाराकडे पाहिलं. मग त्याने पेन खाली ठेवलं आणि जरा वेगळ्या आवाजात विचारलं, "जो साथ में आए हैं, वो आपके कौन हैं?" मागे दोन माणसं बॅगा घेऊन उभी होती. माझे कान तापले. नाव घ्यायची मला एकच रीत ठाऊक होती. मी डोळे मिटले आणि घरात पहिलं पाऊल टाकताना घेतलेला उखाणा एका दमात म्हणून टाकला, "टेकडीवर देवीची देवळं दोन, ...रावांशिवाय माझं आहे कोण?"

त्याने मान तिरकी करून ऐकलं. "राव शिवाय? जैसे नमः शिवाय?"

मी मान हलवली. त्या वेळी त्याने काहीही विचारलं असतं तरी हलवली असती.

हे टोपी घेऊन धापा टाकत परत आले, सही करायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. रजिस्टरमध्ये श्री. अमुक राव शिवाय, आणि खाली श्रीमती शिवाय. "अगं, तू माझं आडनाव बदललंस!"

"क्यों शिवाय जी, कुछ गलत लिखा क्या?"

"नहीं भिया," हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "एकदम बराबर." आधार कार्ड मात्र त्याच्यापुढे सरकवताना त्यावरच्या नावावर अंगठा धरून ठेवला होता. तो माणूस शेवटी कार्ड पाहून स्वतःच हसला. रजिस्टरमधलं नाव खोडलं, पण जाईपर्यंत शिवाय जीच म्हणत राहिला.

खोलीत शिरल्यावर ह्यांनी आधी पडदा उलटा करून पाहिला. "काय शिवलाय!" खिशातून सुई काढली आणि उसवलेली किनार टाचून दिली. मी पलंगावर बसून पाहत होते. मग आम्ही किल्ला पाहिला. चाळीस वर्षं बसच्या खिडकीतून पाहिलेला किल्ला आतून एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. दुपारी हॉटेलात दाल-बाफले खाल्ले. वाढणारा मला विचारत होता, "माताजी, घी और दूँ?" मी उठून वाढायला लागणार होते, ह्यांनी पदर धरून बसवलं.

संध्याकाळी तलावाच्या काठावर बसलो होतो. हे म्हणाले, "एक मागू? नाव घे. उखाण्यातलं नाही. नुसतं."

"काहीतरीच!"

"इथे ऐकणारं कोण आहे?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण शब्द बाहेर येईना. शेवटी म्हटलं, "पुढच्या वर्षी."

"आता शोभतेस शिंप्याची बायको. गिऱ्हाईक समोर उभं आणि तुझी तारीख पुढची." ह्यांनी खिशातली मापाची वही काढली आणि ऑर्डर लिहून घेतली. 'श्रीमती शिवाय. काम: नाव घेणे. साधं, अस्तर नको.' आणि पुढे आमच्या लग्नाची, येत्या वर्षाची तारीख.

नंतर वर्षभर घरात तेच चाललं. चहा हवा असला की "श्रीमती शिवाय!" अशी हाक. मीही एकदा जेवायला वाढून बोलून गेले, "शिवाय साहेब, ताट वाढलंय," तर घास हातात धरून हसत राहिले.

बदनावरहून वही परत आली. तिच्यात पाहून मी राहिलेले कपडे एकेक पुरे केले, रिक्षावाल्याचा कुर्तासुद्धा. तो घेऊन जाताना कुर्ता छातीशी धरून नुसता उभा राहिला. काम दिलं की हे त्या ओळीपुढे निळ्या खडूने खूण करत, तशी मीही करत गेले. सगळ्या ओळी झाल्या. एक राहिली.

काल ती तारीख होती. उखाण्यातला 'शिवाय' मी इतकी वर्षं नुसता यमकाच्या ओघात म्हटला होता, त्या लॉजवाल्याला तो आडनाव वाटला... त्याचा अर्थ आता रोज कळतो. पण काल मला रडायचं नव्हतं, काम द्यायचं होतं. सकाळी आंघोळ करून दुकानाचं दार उघडलं. मशीन पुसलं. खुंटीवर गोल काठाची टोपी आहे, तिच्यावर टेप. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "मनोहर."

पहिल्यांदा पुटपुटल्यासारखं झालं. हे असते तर म्हणाले असते, टाका सैल आहे, उसव आणि परत घाल. म्हणून परत म्हटलं, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "मनोहर!" समोरच्या किराणावाल्याने मान वर करून पाहिलं. पाहू दे.

मग वही उघडली आणि निळ्या खडूने खूण केली. आमच्या दुकानातून ठरल्या तारखेला दिलेलं ते बहुतेक पहिलंच काम.