परवानगी मीच दिली

आमच्या घरी फोन कानाला लावत नाहीत. स्पीकरवर टाकतात आणि अंगणात उभं राहून बोलतात. कानाला लावला की सासूबाईंचा सवाल ठरलेला, "काऊन वं, आमच्यापासून काय लपवून राह्यली?" लग्न होऊन पिंपळगाव राजाला आले तेव्हा माझा मोबाइल माहेरीच राहिला. इथे घरात एकच मोठा फोन, नवऱ्याच्या नावाचा. सकाळी सासूबाई त्यावर कीर्तन पाहत, संध्याकाळी मामंजी, म्हणजे सासरे, तुरीचे भाव.

मला नर्सिंग करायचं होतं. बारावी सायन्सचे मार्क चांगले होते. आधी प्रवेश पक्का करायचा, मग घरी सांगायचं, असा माझा बेत. नुसतं विचारलं असतं तर "पाहू, पाहू" म्हणत वर्ष घालवलं असतं, हे काय मला ठाऊक नव्हतं?

दुपारी फोन घरी ठेवून सगळे वावरात गेले की मी तो घ्यायचे. कॉलेजचं पान उघडलं की निम्म्या पडद्यावर पाटी: आम्ही कुकीज वापरतो, तुमची माहिती भागीदारांना देऊ, परवानगी आहे का? 'सर्व स्वीकारा' हे बटण ठळक निळं. 'नाही' कुठे होतं देव जाणे. शोधायला गेले तर ही लांब यादी. तिकडे डाळ उतू चाललेली. दाबलं निळं. खरं सांगते, बरंही वाटलं. या घरात माझी परवानगी पहिल्यांदाच कोणी मागत होतं! नंतर हिस्ट्री पुसून टाकायचे, ओटा पुसावा तशी. मोठी शहाणी मी.

तिसऱ्या दिवशी तुरीच्या भावांमधून पांढऱ्या कपड्यातल्या पोरी हसायला लागल्या. 'नर्स व्हा. मुलींसाठी वसतिगृह.' कीर्तनाच्या अधेमधेही त्याच. "ह्या पोरी काऊन पिच्छा नाही सोडून राह्यल्या बे?" मामंजींनी नवऱ्याला विचारलं. मी भाकर थापत होते. मान वर केली नाही.

मग कॉलेजचाच फोन आला. चौकशीच्या रकान्यात मी नवऱ्याचा नंबर टाकला होता. दुसरा आणू कुठून? त्यानं रिवाजाप्रमाणे स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाई माझं नाव घेऊन गोड आवाजात म्हणाल्या, "फॉर्म कधी भरताय? शनिवार शेवटचा दिवस." अख्ख्या घरानं ऐकलं. मामंजी एवढंच बोलले, "तुले इथं काय कमी हाये?" त्या दिवसापासून फोनला लॉक लागलं. नवरा म्हणाला, "आता कायदा हाये. परवानगीबिगर कोनी माहिती घेऊ शकत नाही. तूच देल्ली असन." दिली होती. जळो ती परवानगी!

शनिवारी दळणाचा डबा घेऊन निघाले आणि चक्कीशेजारच्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन बसले. फॉर्म पूर्ण भरला. सेंटरवाली ताई म्हणाली, "आता कोड सांगा." कोड गेला होता घरच्या फोनवर. तिच्याच मोबाइलवरून घरी लावला. नवऱ्यानं उचलला, स्पीकरवरच. मामंजींचा खोकला मला ऐकू येत होता.

"सहा आकडे आले असतील. तेवढे वाचून दाखवा," मी म्हटलं.

"पहले घरी ये," मामंजींचा आवाज.

"कोडची वेळ संपली," ताई म्हणाली. "पुन्हा पाठवू?"

"पाठवा."

आमच्या घरात टिंग वाजलं, ते मला इथे ऐकू आलं. तिकडून कोणीच आकडे वाचले नाहीत. फोन मात्र कोणी ठेवलाही नाही.

"पुन्हा पाठवा," मी ताईला म्हटलं.