सलामीपर्यंतची कुस्ती

मंगळवार पेठेतल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात क्रांती दिवसभर लोकांच्या कटकटी ऐकते. एकाचा फोटो अपलोड होत न्हाय, दुसऱ्याची फाईल उघडत न्हाय, तिसऱ्याला साडूच्या लग्नाचं लाईव्ह साठवून पाहिजे. हे साठवणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. प्लेअरमध्ये लिंक टाकायची, लाल बटण दाबायचं, चित्र चालेल तसं फाईलीत उतरत जातं. लोकांची किती लग्नं, किती बारशी तिनं अशी उतरवली, देव जाणे. बघितलं त्यातलं एकही नाही. घरी जाऊन पाठ टेकली की झालं, एवढाच जीव उरतो बाईत.

त्या दिवशी मात्र काम घरचंच होतं. धाकटा भाऊ ऋतुराज शेवटची कुस्ती खेळणार होता. गुडघा कामातनं गेलेला, डॉक्टरनं हात टेकलेले. आणि आई शालूबाई? पोरासाठी वर्षानुवर्षं बदाम वाटून वाटून तिची मनगटं गेली, पण त्याची एक कुस्ती तिनं बघितली नाही. आईची नजर लागते ना! मैदान सुरू झालं की ही घरात भिंतीकडं तोंड करून बसायची.

"क्रांते, ही भरून ठेव," ती सकाळी म्हणाली होती. "पोरगं नीट घरला आलं की बघीन. एकदा तरी डोळ्यांनी बघू दे."

मैदानवाले लाईव्ह संपलं की काढून टाकतात, म्हणून हा खटाटोप.

क्रांतीनं लिंक टाकली, बटण दाबलं. ऋतुराजच्या नावाचा पुकारा झाला, आणि ही शहाणी खुर्ची फिरवून दाराकडं तोंड करून बसली. बहिणीची नजर काय कमी असते? पाठीमागं हलगी कडाडत होती, लोक ओरडत होते. मग सगळं एकदम गप्प झालं. पकड घट्ट बसली असंल, मैदान श्वास रोखून असंल, असं तिला वाटलं. दिवसभर शिणलेलं डोकं, ते आणखी काय विचार करणार?

बऱ्याच वेळानं ऋतुराजचा फोन आला. "आक्का, पडलो. पण धड हाय."

तेव्हा कुठं ती वळली. पडदा काळा. नेट कधीच गेलं होतं.

पोरगं धड असल्याचा निरोप मिळताच शालूबाई चष्मा पुसत दुकानात आली. क्रांतीनं फाईल लावली. ऋतुराज आखाड्यात उतरला, कपाळाला माती लावली, समोरच्याशी सलामी केली. तिथंच चित्र तुटलं.

"फुडं?"

"फुडं न्हाय, आये. नेट गेलं."

"मग तू बघत न्हवतीस?"

"तुझीच लेक की मी."

शालूबाई मटकन स्टुलावर बसली. "म्हंजे आपण दोघींनीबी त्येला कधी बघितलंच न्हाय," ती म्हणाली. क्रांतीला आईचं वाईट वाटलं, स्वतःचा रागही आला, पण रागावण्याइतकी ताकदही अंगात उरली नव्हती.

दारात ऋतुराज लंगडत आला. अंगाला अजून माती होती. त्यानं आधी आईच्या हातातला चष्मा बघितला, मग कॉम्प्युटरकडं.

"बघितलीस, आये?"

क्रांतीनं मान खाली घातली.

"बघितली की," शालूबाई म्हणाली. "सगळी बघितली."

"बरं झालं," तो भिंतीला टेकत म्हणाला. "डॉक्टर नको म्हणत हुता. तू बघणार म्हणूनच उतरलो."