‘चला’ मॅडम

गायकवाड मॅडमना कॉम्प्युटरची कुठलीही तक्रार बसल्या जागी सोडवणं पटत नसे. फोन खाली ठेवायच्या आत त्यांचा एक पाय चपलेत गेलेला असायचा. ‘चला,’ म्हणायच्या आणि दुसरं हेल्मेट माझ्या हातात कोंबायच्या. उल्हासनगरात कॅम्प चार नावाच्या वस्तीत आमच्या रक्तपेढीचं मुख्य ऑफिस होतं. तिथे सगळे त्यांना पाठीमागे ‘चला मॅडम’ म्हणत. एकदा शिपायाने चुकून तोंडावरच तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘मग बसलायस काय? ऊठ की!’

मी तेव्हा नवी होते आणि नवी पदवी अजून डोक्यात होती. इथल्या स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असताना स्कूटरवर मागे बसून बदलापूरपर्यंत कंबर का मोडून घ्यायची, असं मी एकदा स्पष्ट विचारलं. मॅडम रागावल्या नाहीत. ‘अगं, आपल्याला दिसतंय, पण अडलंय कोणाचं? तिथल्या कॉम्प्युटरचं. त्याला कुठवर दिसतंय ते त्याच्यापुढे बसल्याशिवाय कसं कळणार?’ मला काही ते पटलं नाही. हेल्मेट मात्र मी घातलं, कारण न घालून सांगते कुणाला!

रक्ताच्या पिशव्यांची नोंद आम्ही एका जागी ठेवत नसू. एक मशीन बंद पडलं तर दुसऱ्याने सांभाळावं, म्हणून ती तीन मशिनांवर वाटलेली होती. त्यांना मॅडमनी आपल्या तीन आत्यांची नावं दिली होती : शेवंता, कुसुम आणि हिरा. ‘लहानपणी शेवंताआत्याकडे काही मागायला गेलं की ती म्हणायची, माझ्याकडे नाही, कुसुमकडे आहे, तिच्याकडे जा. कुसुम राहते कुठे, हे काही ती सांगायची नाही. ते आपल्याला ठाऊक पाहिजे. ह्या मशिनांचं अगदी तसंच आहे बघ.’ आमच्या साहेबांना ही नावं आवडत नसत. पाहुण्यांसमोर शेवंता-कुसुम काय म्हणायचं, असं ते कुरकुरत. ‘आत्याचं नाव घ्यायला कसली लाज, साहेब?’ एवढंच मॅडम म्हणत.

बदलापूरच्या आमच्या केंद्रावर पूनम नावाची मुलगी यायची. तिला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागे आणि वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं रक्त घेऊन घेऊन आता तिला वाटेल ते रक्त चालत नसे. म्हणून जुळणारी पिशवी आधीच शोधून राखून ठेवायची. एका सकाळी ती वडिलांबरोबर येऊन बसली आणि केंद्रावरचा कॉम्प्युटर तिची पिशवी कुठे आहे ते सांगेना. तिथल्या बाईंचा घाबराघुबरा फोन आला. आमच्याकडे सगळं सुरळीत होतं.

निघण्याआधी मॅडमनी आमच्याच स्क्रीनवर पूनमचं नाव घालून पाहिलं. पिशवी अंबरनाथच्या केंद्रात होती. वाटेत थांबून आम्ही ती बर्फाच्या पेटीत घालून घेतली. ती पेटी मांडीवर धरून मी स्कूटरवर बसले, आणि त्या दिवशी खड्ड्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पूनम बाकावर वडिलांच्या खांद्याला टेकली होती. ओठ पांढरेफटक पडले होते. पिशवीची तपासणी झाली, सुई लागली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. केंद्रप्रमुख म्हणाले, ‘झालं काम, मॅडम. बाकीचं उद्या बघू.’

‘आज मी होते,’ मॅडम म्हणाल्या. ‘पुढच्या खेपेला मी नसले तर पोरीने काय करायचं?’ आणि त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या.

थोड्या वेळाने त्यांनी ऑफिसला फोन लावला. त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. ‘शेवंता बोलतेय, पण कुसुम सापडत नाही!’

पूनमचे वडील ताडकन उठले. बदलापूरचे कापडवाले सिंधी गृहस्थ. ‘मॅडम, कोणाची बच्ची गुम झाली काय? मी बाहेर देखतो ना!’ पूनम त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

घोटाळा साधाच होता. शेवंताचा पत्ता केंद्रावरच्या प्रोग्रॅममध्येच लिहिलेला होता, म्हणून ती भेटत होती. पण आदल्या दिवशी उल्हासनगरची वीज जाऊन शेवंता थोडा वेळ बंद पडली, तेव्हापासून कारभार कुसुमने हाती घेतला होता. शेवंता इमानाने सांगत होती, कुसुमला विचार. केंद्रावर नुकताच इंटरनेटचा नवा राउटर आला होता. त्याला जगभरातल्या वेबसाइटचे पत्ते माहीत, पण आमच्या घरातली कुसुम कुठून माहीत असणार? मी म्हटलं, तिचा पत्ता ह्या कॉम्प्युटरमध्ये हाताने लिहून टाकू, चुटकीसरशी होईल.

‘आणि उद्या कुसुमने घर बदललं म्हणजे? हा बापडा जुन्याच दारावर थापा मारत बसेल.’ त्यांनी राउटरलाच शिकवलं, की घरच्या माणसांचे पत्ते आधी आपल्या सर्व्हरला विचार. मग स्क्रीन उघडला आणि पूनमची पुढच्या खेपेची नोंदही दिसली. ती वाचूनच मॅडम खुर्चीतून उठल्या.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. दुखणं त्यांनी अंगावर काढलं होतं. सगळ्यांच्या तक्रारीला चपला घालून निघणारी ही बाई स्वतःसाठी मात्र वेळेवर उठली नाही, ह्याचा मला अजून राग येतो. त्यांच्यामागे चौथं मशीन आलं. मी त्याला त्यांचं नाव दिलं : सुलभा. साहेब कुरकुरले. मी म्हटलं, ‘आपल्या माणसाचं नाव घ्यायला कसली लाज, साहेब?’

परवा सकाळी बदलापूरहून आमच्या नव्या इंजिनिअर मुलीचा फोन आला. बिचारी रडकुंडीला आली होती. ‘मॅडम, सुलभा सापडत नाहीये. सगळीकडे बघितलं. आणि पूनम येऊन बसलीय.’

पलीकडून ती ‘मॅडम? ऐकताय ना?’ करत राहिली. मी स्क्रीनवर पूनमचं नाव घातलं. पिशवी अंबरनाथला होती.

‘ऐकतेय गं,’ मी म्हटलं. एक पाय चपलेत गेलाच होता. ‘तू पूनमजवळ बस. मी अंबरनाथहून पिशवी घेऊन आलेच.’